उद्या बाई येणार

माझ्या आताच्या शाळेत भिंतीला नव्या कोऱ्या खुंट्या आहेत, प्रत्येक मुलाची वेगळी. सकाळी मुलं दप्तरं अडकवतात आणि मैदानाकडे धावत सुटतात. मी मात्र दाराकडे बघत राहते. दाराशी टेकून, दप्तर पाठीवर घेऊन बसलेली एक मुलगी मला तिथं हवी असते. ती तिथं नाही हे बरंच आहे, कळतं मला. तरी हवी असते.

ती सातपुड्यातल्या माझ्या जुन्या शाळेतली. एसटी जिथं वळून परत फिरते, तिथून चढण चालून गेलं की पाड्यावरची दोन खोल्यांची शाळा. होळीला लोक गुजरातेतली ऊसतोड आटपून परततात, तशी तीही परतली. दिवाळीनंतर आईबापाबरोबर गेली तेव्हा दुसरीत होती आणि घडाघडा वाचायची. आली ती गप्प. दाराशी बसली, आणि काही केल्या दप्तर काढेना.

मी शिस्तीची बाई. माझ्या वर्गात चपलासुद्धा ओळीत असायच्या. दोन दिवस सांगून पाहिलं, तिसऱ्या दिवशी तिच्या खांद्यावरचा पट्टा ओढला. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली आणि पळाली. नंतर चार दिवस शाळेत आली नाही. ते चार दिवस मी आल्यागेल्याला दातांचे वळ दाखवत फिरले, जसा काही अन्याय माझ्यावरच झाला होता.

शाळेत खिचडी शिजवणारी ताई ही तिची मावशी. पाचव्या दिवशी चुलीपुढं बसून, माझ्याकडे न बघता ती बोलली, "तिची आय तिकडंच मेली, बाई."

पोरगी पाणी आणायला गेली होती. तेवढ्यात आईला ताप चढला म्हणून ट्रॅक्टरमध्ये घालून दवाखान्यात नेलं. पोरगी हंडा घेऊन आली तर झोपडी रिकामी. कुणी तिच्यासाठी निरोपसुद्धा ठेवला नव्हता. आई परत आलीच नाही.

"तवापासून दप्तर घालूनच झोपते," ताई म्हणाली. "बोलते, आता कोणी निघालं का मी पण तयार."

डी.एड.ला मला बालमानसशास्त्र होतं, पाठ करून मी चांगली पास झाले होते. पण रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला की ही पोर उठून उभी का राहते, येत असलेली अक्षरं कुठं गेली, हे त्यात कुठं होतं ते मला आठवेना. कान सगळा वेळ रस्त्याकडे असेल तर धडा शिरणार कुठून?

मी तिच्या घरी जाऊन तिला घेऊन आले. दाराशी बस, दप्तर राहू दे, म्हटलं. आणि त्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात मी आमचा दिवस लिहायला लागले. आधी परिपाठ, मग मराठी, मग खिचडी, मग गणित, मग घरी. शेवटची ओळ रोज तीच: उद्या बाई येणार. तालुक्याला मीटिंग असली तर तसं लिहायचे, उद्या नाही, परवा येणार. एकदा घाटात एसटी बंद पडली तेव्हा त्या ओळीपायी मी एका जीपमध्ये दोन बकऱ्यांच्या मधे बसून शाळा गाठली. बाकीच्या मुलांना त्या ओळीचं काही नव्हतं. ती मात्र घरी जाताना बोट ठेवून वाचून जायची. तिचं वाचन तिथूनच परत सुरू झालं.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी चित्र काढता काढता ती उठली, दप्तर उतरवलं आणि खुंटीला अडकवलं. मी बघितलंच नाही असं दाखवलं आणि टेबलाखाली उगाच खडू शोधत बसले. डोळे पुसायला वर्गात दुसरी जागा नव्हती.

यापुढचं मी कुणाला फारसं सांगत नाही. त्याच हिवाळ्यात मी बदलीचा फॉर्म भरला होता. आई खाली गावी, ब्राह्मणपुरीला एकटी, तिचे गुडघे गेलेले, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या चढणीचा कंटाळा आला होता. उन्हाळी सुट्टीच्या आदल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं: सुट्टीनंतर बाई येणार. फॉर्म भरलेला असताना लिहिलं. ती समोर उभी होती आणि दुसरं काही लिहायला माझा हात धजेना.

मे महिन्यात ऑर्डर आली. सपाटीवरची शाळा, सारंगखेड्याच्या बाजूला, रोज घरून जाता येईल अशी. मी पेढे वाटले.

जूनमध्ये माझ्या जागी आलेल्या सरांचा फोन आला. "मॅडम, एक मुलगी फळ्याचा कोपरा पुसू देत नाही. आणि दप्तर..." पुढचं मला माहीत होतं.

मी आईपुढं बसून रडले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "तुन्हा जीव तठेच शे. मंग जाईसन सांगी ये ना माय. आठे बसीसन काय रडी ऱ्हायनी?"

रडत बसण्यापेक्षा जाऊन सांगायला मी गेले. ती दाराशीच होती, दप्तरासकट. माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. फळ्यावरची माझी ओळ कडेनं पुसट झाली होती, पण होती. मी ती माझ्या हातानं पुसली. मग उद्या नक्की येणार ना, असं सरांना विचारलं, आणि लिहिलं:

बाईची बदली झाली. बाईनं आधी सांगितलं नाही. बाईचं चुकलं. आज चारच्या गाडीनं बाई जाणार. उद्या सर येणार.

ती उठून फळ्याशी आली. एकेका ओळीवर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं आणि परत जागेवर जाऊन बसली.

शाळा सुटायला अजून बराच वेळ होता तेव्हा मी निघाले. उतारावर मागं पावलं वाजली. सरांनी तिला येऊ दिलं होतं. एसटी येईपर्यंत ती माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली, आणि तिच्याकडे नीट बघायचं माझं धाडस झालं नाही. गाडी वळून थांबली.

"जा, बाई," ती म्हणाली.

मी खिडकीशी बसून हात केला. तिनं केला नाही. गाडी हलली तशी ती वळून चढण चढायला लागली, शाळेकडे, सावकाश. तेव्हा मला दिसलं की तिच्या पाठीवर दप्तर नव्हतं.