वन्सं दाराबाहेर जाईनात

आमच्या दिघीत जन्मलेलं कुठलंही पोर आधी माझ्या मोठ्या नणंदेचं असतं, मग त्याच्या आईचं. वन्संना गावातच दिलेलं. स्वतःची मुलं मोठी झाली, तरी कमरेवर कुणाचं तरी पोर हवंच. एका हाताने कालवण ढवळत त्याला विचारतील, "काय साहेब, मीठ कमी हाय का?" साहेब रडायचे थांबतात. एकदा जेट्टीवर मुंबईच्या पाहुण्यांचं पोर यांच्या कमरेवर चढलं ते उतरेना. शेवटी वन्सं फेरीबोटीने खाडीपलीकडे आगरदांड्यापर्यंत त्याला पोचवायला गेल्या, तेही पायात चप्पल नसताना!

मी रोज आगरदांड्याला एका खानावळीत भाकऱ्या भाजायला जाते. संध्याकाळी परतले की माझा वर्षाचा मुलगा वन्संच्या कमरेवरून माझ्याकडे मी पाहुणी असल्यासारखा बघतो. मी हसते. आतून जळते.

मग अंगणवाडीत मुंबईच्या एक मॅडम आल्या. कुठलं बाळ आपल्या माणसाला कसं धरून असतं, ते त्या बघत होत्या. खोलीत खेळणी आणि मॅडमसोबत आलेली एक अनोळखी बाई. आईने बाळाला तिथे सोडून बाहेर जायचं, थोड्या वेळाने परत यायचं. मी बाहेर गेले. आत रडणं नाही की काही नाही. मी दाराला कान लावला. परत आले तर तो रांगत आला, माझ्या पदरात तोंड खुपसलं आणि पुन्हा खेळायला गेला.

मॅडम म्हणाल्या, "ताई, रडण्यावर सगळं नसतं. आई परत आल्यावर बाळ काय करतं, ते आम्ही बघतो. छान आहे तुमचं."

पण मला वन्संना हरवायचं होतं. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी मी सोबत आलेल्या वन्संकडे बोट दाखवून बोलले, "यांचंही बघा ना."

वन्सं आत पोराजवळ बसल्या. खूण झाली तशा उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "नाक पुसते त्याचं." पुन्हा गेल्या, पुन्हा फिरल्या. "ह्या बाईला तो वळखत न्हाय, जाऊ कशी?" शेवटी मॅडमनी हात धरून त्यांना बाहेर आणलं. आत पोर मजेत डबा बडवत होतं. बाहेर वन्संचे डोळे गळत होते.

"अगो, त्यानं बघितलं नि मी दिसले न्हाय तर?"

"खेळतोय तो, वन्सं."

"खेळू दे. मी हितंच हाय."

इतके दिवस मी त्यांच्यावर जळत होते. त्या दारापाशी मला पहिल्यांदा माझ्या पोराचा हेवा वाटला. मी लहान असताना माझ्यासाठी असं कुणी दाराबाहेर उभं होतं का, ते आठवून पाहिलं. आठवलं नाही.