पंप खिशात, फॉर्म टेबलावर

आमच्या कंपनीच्या बसमध्ये नुसता विषय काढायचा अवकाश, किस्सा तयार! बारामती ते लोणी देवकर, रोज जाऊन-येऊन. दोन महिने मी एकच विषय धरून बसलो होतो, स्वतःची हेल्थ पॉलिसी. वय सव्वीस, खिशात दम्याचा पंप आणि कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं. एकतीस तारखेला ते संपलं की कंपनीचा विमाही संपणार. जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेजारच्या सीटवरच्या सच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग आजारी पडायचं असंल तर एकतीस तारखेच्या आत पड की!"

* * *

एकदा मोबाईलवर सात प्लॅन उघडून बसलो होतो. एकात दवाखान्यात स्वतंत्र खोली, दुसऱ्यात दोघांत एक. आमचे ड्रायव्हर तात्या, त्यांना विचारलं.

"दोघांतली घे," तात्या म्हणाले. "एकट्यानं पडून काय पंख्याची पाती मोजतो? आन् शेजारच्याचा डबाबी मिळतो!"

* * *

माझं बघून सच्याही पॉलिसी काढायला निघाला. इंदापुरात एजंटकडे गेलो. त्याने फॉर्म भरता भरता विचारलं, "तंबाखू?"

सच्याने नुसती मान हलवली.

"तोंडानं सांगा," एजंट म्हणाला.

सच्या उठला, बाहेर जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, "न्हाय!"

* * *

माझं घोडं मात्र दम्यापाशी अडलं होतं. "लिहू नको," सच्या म्हणाला. "पंप खिशात, फॉर्म टेबलावर. दोघांची ओळख कशाला करून देतो?"

खरं सांगतो, पटलं होतं. पण उद्या क्लेम नाकारला तर? रोज फॉर्म उघडायचो, आजारांच्या रकान्यापाशी थांबायचो आणि बंद करायचो.

मग एका सकाळी भिगवणच्या पुढं कुणीतरी शेतात उसाचं पाचट पेटवलेलं. धूर बसमध्ये शिरला आणि माझा श्वासच अडकला. तात्यांनी बस धुराबाहेर काढून थांबवली, सच्याने माझ्या खिशातून पंप काढून दिला. घाबरलो, खरंच घाबरलो.

जरा बरं वाटल्यावर तात्या म्हणाले, "लिव्ह ते फॉर्मवर. दर येळी बस थांबवायला मी न्हाय!"

त्याच दिवशी लिहिलं.

* * *

आता विमा कंपनीचा चौकशीचा फोन येणार होता. चार दिवस मोबाईल हातातून सोडला नाही. पाचव्या दिवशी चार्जिंगला लावला आणि दळण आणायला गेलो. घरी आईचं माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. पॉलिसीचं तिला काही सांगितलंच नव्हतं.

पिठाचा डबा खांद्यावर घेऊन धापा टाकत आलो, तर आई पदर सावरून माझ्याच फोनवर बोलत होती.

"व्हय, मी आईच बोलती... सव्वीस... पाच फूट सात... न्हाय ओ, सुपारीचं खांडसुदिक न्हाय... दमा? कुणी सांगितलं तुमाला? खडखडीत हाय माझं पोरगं!"

मी हातवारे करत सुटलो.

आईने फोनवर हात ठेवला. "गप ऱ्हा जरा. पोरीकडची दिसत्यात, लई बारीक चौकशी करत्यात."

आणि हात काढून म्हणाली, "आमचं समदं सांगून झालं, बाई. आता मुलीची उंची सांगा!"