सावळारामाची चूळ

आमच्या हिर्डोशीत दारूतला जाणकार एकच, सावळाराम मळेकर. आणि अख्ख्या गावात सगळ्यांत कमी दारू पोटात गेली असेल तर तीही त्याच्याच. कारण तो प्यायचा नाही, चाखायचा. एक घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचा, गालातल्या गालात खेळवायचा आणि ज्याच्या घरची असेल त्याच्याच अंगणात पचकन चूळ टाकायचा. वर निकाल द्यायचा, "गूळ करपलाय."

ही विद्या त्यानं खडकीहून आणली होती. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत तिथल्या छावणीत तो एका म्हाताऱ्या गोऱ्या सार्जंटाकडे हरकाम्या होता. सार्जंटाला विकतची बीर चालायची नाही. बंगल्यामागच्या खोलीत तो पिंपात स्वतःची मुरवायचा. काळी, दाट, आणि इतकी कडक की दोन पेले झाले की सार्जंट सावळारामाच्या गळ्यात पडून आपल्या आईच्या नावानं रडायचा. मुरल्यावर आधी चाखायची, थुंकायची, पुन्हा चाखायची, असं त्याचं शास्त्र होतं. सावळारामानं त्यातलं चाखणं किती उचललं देव जाणे, थुंकणं मात्र पक्कं उचललं.

गावी परतल्यावर त्याला मोहाची दारू गोड लागेना. "ह्यापरीस घासलेट बरं," म्हणायचा. मग ती बीर कशी होती, असं कुणी विचारलं की गडी सुटायचा. "पयल्यांदा कडू. मग भाजल्या नाचणीवाणी. आन् गिळली की छातीत शेकोटी!" वरंध्याच्या घाटात चार गाढवं अडकली तरी वाट मोकळी होईल, पण सावळारामाच्या बीरेतून सुटका नव्हती. लोक ऐकून घ्यायचे आणि मनातल्या मनात त्याच्या सार्जंटाला शिव्या घालायचे.

हे सगळं गावानं खपवून घेतलं असतं. पण हा शहाणा इर्जिकीतसुद्धा थुंकायचा.

आमच्याकडे भातखाचरांची चिखलणी एकट्याच्या बैलांनी उरकत नाही. म्हणून ज्याचं शेत असेल त्यानं इर्जिक घालायची. सगळा गाव बैल घेऊन येतो, बाया रोपं लावतात, आणि कुणी एक पै घेत नाही. मालकानं फक्त मटणाचं जेवण द्यायचं आणि घरची दारू पाजायची. तो घोट म्हणजे मालकाची अब्रू. तिथं चूळ टाकणं म्हणजे यजमानाच्या तोंडावरच थुंकणं. सावळारामानं एकेक करत निम्म्या गावाच्या तोंडावर थुंकून घेतलं आणि शेवटी कोंडिबा तात्यांच्या दारी पोचला. तात्या गावातले वडीलधारे. त्यांची दारू त्यांच्या बायकोनं, रतनबाईंनी, चुलीपुढं डोळे सुजवून काढली होती. सावळारामानं घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हातारीच्या पायाशी थुंकला. "धूर लागलाय," म्हणाला. रतनबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या, त्या पंगत उठेस्तोवर बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या आषाढात सावळारामानं इर्जिकीचं आवतण दिलं आणि एक माणूस आला नाही. एक बैल आला नाही. कुणाचं अंग दुखत होतं, कुणाचा बैल लंगडत होता, कुणी तर त्याला बघून सरळ गोठ्याचं दार लावून घेतलं. सावळारामाच्या दोन बैलांतला एक उन्हाळ्यातच मेला होता. वाफ्यातली रोपं गुडघ्याला लागली, मग पिवळी पडू लागली. आणखी पंधरा-वीस दिवस गेले असते तर ती गुरांनाच घालावी लागली असती, आणि वर्षभर घरात भाताचा दाणा दिसला नसता.

तेव्हा त्याची बायको अंबूबाई उठून तात्यांकडे गेली. काय बोलली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तात्यांनी मात्र निरोप धाडला: "येतो. पर सावळ्यानं त्याची ती गोऱ्याची बीर पाजायची. आमी चाखणार. थुकलो, तर बैल घिऊन माघारी."

रोपांची आशा सोडलेल्या माणसाला हे ऐकून धडकी भरावी की नाही? सावळारामाच्या अंगात वारं भरलं. इतकी वर्षं गावाला जे सांगत आलो ते आता पाजायचं! सार्जंटाची बीर सातूची, आणि इथं सातूची वानवा, म्हणून त्यानं नाचणी धरली. अंबूबाईनं ती भिजवली, मोड काढले, चुलीच्या धगीवर वाळवली, भाजली आणि जात्यावर भरडली. यानं नुसतं "अगं, जाड! जाड दळ!" असं ओरडायचं काम केलं. मग ते शिजवून गाळलं, गूळ घातला, कडूपणाला किराईत घातलं, भोरच्या पाववाल्याकडचं खमीर विरजलं आणि रांजण शेणामातीनं लिंपून चुलीशेजारी ठेवला. एवढ्या पावसात घाट चढून नाचणीच्या पाण्यासाठी कोण अबकारीचा शिपाई येतोय?

"अवं, जरा उघडून बगा तरी," अंबूबाई म्हणाली.

"सार्जंट मुरंस्तवर झाकनाला हात लावत नव्हता."

"त्येचं पिंप थंड खोलीत व्हतं म्हनं. ह्यो चुलीजवळ हाय."

"तुला बीरेतलं काय कळतंय?"

रांजण कुणी उघडला नाही.

इर्जिकीच्या सकाळी गाव आलं. बैल बांधावर उभे, बाया पावसासाठी पानांची इरली घेऊन एका अंगाला, त्यांत रतनबाईही. पुरुषांच्या तोंडांवर तर जत्रेला आल्यासारखा आनंद. थुंकायला मिळणार म्हणून माणसं इतकी खूश झालेली मी पुन्हा पाहिली नाहीत. सावळारामानं लिंपण फोडलं, वाटी भरली आणि तात्यांपुढं धरली.

"आदी तू घे," तात्या म्हणाले.

त्यानं ऐटीत घोट घेतला, डोळे मिटले. आणि त्याचा चेहराच बदलला. ती आंबली होती. साधी नाही, पार नासली होती. चुलीच्या उबेनं तिचं शिरक्याहून वाईट पाणी झालं होतं आणि वर किराईताचा कडूपणा. इतक्या वर्षांत त्याच्या जिभेवर आलेली ती सगळ्यांत घाण दारू होती, आणि ती त्याच्या घरची होती.

गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. सवयीनं मान वळली. थुंकला असता तर बैल माघारी गेले असते. त्यानं अंबूबाईकडे पाहिलं. ती पिवळ्या रोपांकडे बघत होती.

सावळाराम मळेकरानं घोट गिळला. घशाचा आवाज बांधापर्यंत ऐकू आला.

"कशी हाय?" तात्यांनी विचारलं.

"ब... बेस हाय."

तात्यांनी वाटी घेतली, घोट घेतला आणि लांबलचक चूळ टाकली. मिशा पुसल्या. आता सगळे माघारी वळणार म्हणून अंबूबाईनं डोळे मिटून घेतले.

"ह्यापरीस गोमूत्र गोड," तात्या म्हणाले. "सावळ्या, बीर प्यायला कोन आलंय हितं? येकदा तुज्या नरड्याखाली काय तरी उतरताना बगायचं व्हतं. बगितलं. चला रं, जुपा बैलं!"

आणि बैल चिखलात उतरले. एकामागून एक, सगळे. सावळाराम वाटी धरून नुसता उभा राहिला. हसणं, ओरडणं, बैलांना हाका, सगळं त्याच्याभोवती सुरू झालं आणि हा गडी लहान पोरासारखा रडायला लागला. तसाच रतनबाईंपुढं गेला.

"काकी, म्या..."

रतनबाईंनी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. रोपांची जुडी त्याच्या हातात कोंबली. "रडायचं मागनं. आदी लाव."

तो बायांच्या ओळीत वाकला. चिखल पोटरीपर्यंत होता, शेजारच्या बाईच्या ओळी वाकड्यातिकड्या चालल्या होत्या, कुणाची रोपं दाट, कुणाची विरळ. दिवस मावळेपर्यंत सावळारामानं कुणालाही एक खोट काढून दाखवली नाही.