पाळण्यांवर शिजलेली हुग्गी

एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता नांदेडच्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी संमतीपत्रावर सही करायला नकार दिला. तेव्हा माझं वय अठ्ठावीस होतं आणि लग्नाला सहा वर्षं झाली होती. माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या पेशींपासून तयार झालेले चार भ्रूण त्या इमारतीच्या तळमजल्यावर गोठवून ठेवलेले होते. मुळात पाच होते. पहिला तीन महिन्यांपूर्वी माझ्या गर्भाशयात सोडला होता, तो रुजला नाही. दुसरा येत्या शनिवारी सोडायचा होता.

संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर प्रश्न होता: ठेवण्याची मुदत संपल्यावर किंवा आपल्याला नको असल्यास उरलेल्या भ्रूणांचे काय करावे? खाली दोन चौकोन होते. एक, नष्ट होऊ द्यावेत. दुसरा, संशोधनासाठी द्यावेत. दुसऱ्या जोडप्याला देण्याची कायद्यात सोय नाही, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं.

"बहुतेक लोक न वाचताच सही करतात," त्या म्हणाल्या.

"माझं कामच वाचण्याचं आहे, मॅडम."

"मग वाचा. पण शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत सही आणा. औषधांनी गर्भाशयाचं अस्तर तयार झालंय, ते तुमच्यासाठी थांबणार नाही. सहीशिवाय मला शनिवारी कशालाच हात लावता येणार नाही."

मी लातूरच्या एका दैनिकात जिल्हा पानाची उपसंपादक आहे. माझा नवरा लातूरच्याच एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. मानवी प्रजननाचा धडा तो वर्षातून चार तुकड्यांना शिकवतो, एकेका तुकडीत दोनशे मुलं. डॉक्टर व्हायला निघालेल्या त्या मुलांना तो भ्रूणाची पहिल्या पाच दिवसांची चित्रं फळ्यावर डोळे मिटून काढून दाखवतो, असं ती मुलंच सांगतात. परतीच्या रस्त्यावर अहमदपूरपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "पाचव्या दिवशी शंभरेक पेशी असतात. मेंदू नाही, मज्जातंतू नाही. परीक्षेत हे विचारलं तर माझी पोरं अर्ध्या मिनिटात उत्तर देतील."

"तिथे चार पर्याय असतात," मी म्हणाले. "इथे दोनच आहेत, आणि सर दोन तास झाले गप्प आहेत."

तो हसला.

माझी अडचण पेशींच्या संख्येची नव्हती. ती माझ्या जन्माची होती. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीजवळच्या आमच्या गावात माझ्या आईची दोन्ही मुलं गेली. मुलगी सात वर्षांची होती, मुलगा चार वर्षांचा. दोन मुलं झाल्यावर आईने कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. भूकंपानंतर तशा बायकांसाठी ती शस्त्रक्रिया उलटवून देण्याची सोय झाली. आईने ती करून घेतली आणि नंतर मी जन्मले. म्हणजे ती दोघं वाचली असती तर मी नसते. माझं नावसुद्धा त्या मुलीचंच आहे. आमच्याकडे त्या काळात अनेक घरांत असं झालं. गेलेल्या लेकराचं नाव आलेल्या लेकराला दिलं गेलं. एकाच्या नसण्यावर दुसऱ्याचं असणं उभं असतं, हे मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होतं. त्यामुळे एकासाठी देवाकडे हात जोडायचे आणि त्याच्याच तीन भावंडांपुढे चौकोनात टिक करायची, हे मला जमेना. नष्ट होऊ द्यावेत, यावर पेन टेकत नव्हतं. संशोधनासाठी द्यावेत, हे वाचलं की काचेखाली कोणीतरी त्यांना सुईने टोचतंय असं डोळ्यांसमोर येई. तिन्ही आपणच वाढवावेत, तर माझ्या शरीराचा भरवसा पहिल्यानेच संपवला होता.

बुधवारी दुपारी आईचा फोन आला. ती भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात राहते. "शुक्रवारी देवीचे पाळणे उतरवायचे हायत. तुजा बी हाय त्यात. ये."

हा पाळणा मी तीन वर्षांपूर्वी आईच्या आग्रहाखातर बांधला होता. देवीचं देऊळ जुन्या गावात आहे. आजूबाजूची घरं पडली, देऊळ तेवढं राहिलं. देवळामागच्या कडुलिंबाला मूल मागणाऱ्या बायका वीतभर लाकडी पाळणा बांधतात. मूल झालं की पाळणा सोडून घरी नेतात. तीन वर्षांत झालं नाही, तर चैत्रातल्या एका शुक्रवारी तो खाली उतरवतात. माझी श्रद्धा तेव्हा बेताची होती. दोर नव्हता म्हणून वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याची सुतळी लावली होती, आणि बांधताना मनात उद्याच्या पानाची जुळणी चालू होती.

त्या पाळण्यांवर मी गेल्या वर्षी एक बातमीही दिली होती. गावातल्या एकाने फोनवर सांगितलं, ते लिहून घेतलं आणि छापलं: 'देवस्थानातील जुने पाळणे जाळून नष्ट; परिसर स्वच्छ'. आमच्या डेस्कवर नियम आहे की एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याकडून पडताळल्याशिवाय छापायची नाही. त्या दिवशी पान उशिरा चाललं होतं आणि गाव आपलंच होतं, म्हणून मी पडताळलं नाही. बातमी आल्यावर गावातल्या बायका आठवडाभर आईच्या दारात येऊन बोलून गेल्या. चूक काय झाली, हे आईने तेव्हा सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "येऊन बघ कदी तरी."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता आम्ही दोघं जुन्या गावात पोचलो. संमतीपत्र पर्समध्ये होतं. ऊन चढलं होतं. लिंबाखाली वीस-पंचवीस बाया होत्या, त्यांची लेकरं होती, आणि तीन दगडांच्या चुलीवर भलं मोठं पातेलं होतं. मला बघताच एकीने आवाज दिला, "आली बगा पेपरवाली! आज काय काय नष्ट झालं ते नीट लिव्ह गं बाई!" सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली. तिला वर्षभर साठवलेलं हसू आलं असावं.

पातेल्यापाशी पन्नाशीची एक बाई उलथनं घेऊन बसली होती. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं; सगळ्या तिला मावशी म्हणत होत्या. निलंग्याच्या पलीकडून, कर्नाटकाच्या शिवेवरून जीपने आले म्हणाली. तिने मला हाताने, कानडी मिसळलेल्या बोलीत बोलावलं. "बा अव्वा, हितं बस. तुजा कोणता?"

चुलीशेजारी उतरवलेल्या पाळण्यांचा ढीग होता, त्यात माझा सुतळीचा पाळणा लगेच सापडला. मी तो दाखवला.

"घाल मग चुलीत."

मी तशीच उभी राहिले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पेपरात तूच लिवलं व्हतं न्हवं? जाळतेत म्हणून? हाव, जाळतोच की. पन काय शिजतंय ते इचारलं न्हाईस तू." मग तिने झाकण उचललं. आत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, गूळ घालून रटरटत होती. "ज्येंचं झालं त्ये पाळना घरी नेतेत. ज्येंचं न्हाई झालं, त्येंचा हितं येतो. ह्या जाळावर हुग्गी हुती, आन् गावातली समदी लेकरं खातेत. माजे सहा पाळणे गेले ह्या चुलीत."

"सहा?" मी विचारलं.

"अठरा वर्सं झाली. एक बी पाळना घरी न्हेला न्हाई म्या." ती हे हसत सांगत होती, आणि त्या हसण्यात मला शोधूनही खोट सापडली नाही. "वाया गेला का म्हून इचारशील तर न्हाई. लई पोरं खाऊन गेली माज्या पाळण्यांवरची हुग्गी. आन् जिचा पाळना चुलीत जातो, तिनंच पयला घास भरवायचा दुसरीच्या लेकराला. ही रीत हाय हितली."

तिला माझ्या पर्समधल्या कागदाबद्दल काहीही माहीत नव्हतं. आईलाही मी तोवर सांगितलं नव्हतं. तिथेच चुलीपाशी बसून मी आईला सगळं सांगितलं: दोन चौकोन, उरणारे तिघं, पाच वाजताची वेळ. मला वाटलं होतं, ती कानांवर हात ठेवेल. तिने आधी जावयाला विचारलं, "सर, त्ये संशोधन म्हंजे काय करतेत?"

नवऱ्याने वर्गात सांगतो तसं सावकाश सांगितलं. भ्रूण रुजतो का आणि रुजत नाही का, हे डॉक्टर त्यातून शिकतात. पुढे ते दुसऱ्या बायकांच्या उपयोगी पडतं. तो भ्रूण मात्र राहत नाही, हेही त्याने लपवलं नाही.

आईने चुलीतलं एक लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "म्या उलटं आपरेशन करून घेतलं तवा गावातले शाणे लोक म्हनले, देवानं न्हेलं ते डाक्टराकडून परत मागून राहिली ही बाई. तोंड वर करून फिरायची सोय नव्हती माय. पन मला एकच वाटायचं. माजी नळी जोडणारा डाक्टर कुटं तरी शिकलाच आसंल की. कुनाच्या तरी अंगावरच शिकला आसंल. त्या बाईचं नाव बी मला म्हाईत न्हाई. तिच्या जिवावर तू हायस."

मी पाळणा चुलीत ठेवला. सुतळीने आधी पेट घेतला, मग लाकडाने. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट अंगावरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं हलकं वाटलं. अकरा वाजता हुग्गी उतरली. रीतीप्रमाणे मी दुसरीच्या लेकराला, दोन वर्षांच्या एका नाकातोंडाने रडणाऱ्या पोराला पहिला घास भरवला. त्याने रडणं थांबवलं आणि माझं बोट चावलं. मावशी म्हणाली, "गुण हाय तुज्या हाताला, चावून बगितलं त्यानं." माझा नवरा इतका मोठ्याने हसला की त्याच्या पोरांनी ऐकलं असतं तर सरांना ओळखलं नसतं. त्याने हुग्गी तीनदा घेतली.

बारा वाजता निघालो. चार चाळीसला नांदेडला पोचलो. केंद्राच्या पायऱ्यांसमोर गाडी लावून मी पर्समधून कागद काढला आणि गाडीच्या टपावर ठेवून दुसऱ्या चौकोनात टिक केली. खाली दोघांनी सह्या केल्या. मॅडमनी कागद उलटून बघितला आणि विचारलं, "ठरलं?" मी म्हणाले, "ठरलं." शनिवारी सकाळी दहा वाजता दुसरा भ्रूण सोडला. त्या वेळी मी देवीकडे काही मागितलं नाही. हे रुजलं तर पाळणा, नाही रुजलं तर हुग्गी, एवढंच मनात होतं, आणि दोन्हींचा वास मला सारखाच गोड येत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट घाईमुळे नव्हे, तर मनापासून तपासायची सोडून दिली होती.

दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी झाली. मी लॅबच्या माणसाला आकडा दोनदा वाचायला लावला. नवऱ्याला फोन केला तेव्हा तो तासावर होता. त्याने फळ्याकडे तोंड करून 'बरं, बरं' म्हटलं आणि वळून मुलांना सांगितलं, आजचा तास इथेच संपला. टेस्ट तोंडावर असताना त्याने तास सोडला, हे त्याच्या वर्गात आजही सांगतात. पौषात नांदेडला आमची मुलगी जन्मली. आईने सांगितलं, "हिला कुनाचं जुनं नाव नगं. नवं ठेवा." तसं ठेवलं.

हा प्रश्न बरोबर सुटला का, हे मला माहीत नाही. शहाण्या माणसांची दोन्ही बाजूंनी मतं मी वाचली आहेत, छापलीही आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना मी नमस्कार करते. मला एवढंच सांगता येतं की त्या तीन दिवसांत मी उत्तर शोधत होते आणि ते माझ्या हातून मिळालं नाही, मला दिलं गेलं. ते देणाऱ्या बाईला माझा प्रश्न माहीत नव्हता. त्याला काय म्हणायचं, ते ज्याने त्याने ठरवावं. मी हात जोडते. आपल्याला जे मिळालं नाही, ते कोणाच्या तरी मुखी लागलेलं असू शकतं, ही गोष्ट माझ्या हाताला तेव्हापासून ठाऊक आहे. पाळणा उतरवला त्याच आठवड्यात मी जुन्या बातमीचा खुलासा लिहून दिला. चार ओळींचा होता, आतल्या पानावर छापून आला.

उरलेले तीन भ्रूण हे लिहीत असताना नांदेडलाच आहेत. मुदत संपलेली नाही.

पहिल्या वर्षी चैत्रात मुलगी तीन महिन्यांची होती, म्हणून उन्हात नेली नाही. आई एकटी जाऊन आली. मावशीने तिला विचारलं होतं, "पेपरवाली का न्हाई आली?" दुसऱ्या वर्षी आम्ही तिघं गेलो. मावशी पातेल्यापाशीच होती. तिने उलथनं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि मुलीला मांडीवर घेतलं. मी तिथे होते, माझा नवरा होता, आई होती. बाराला दहा मिनिटं कमी असताना मावशीने मुलीला हुग्गीचा पहिला घास भरवला. तो तिने थुंकून टाकला. दुसरा गिळला.