हातातून हातात

ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. चर्चमधली मरियामाउलीची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला असते. दुसऱ्या संध्याकाळी त्या घरच्या कर्त्या पुरुषाने ती अनवाणी पायांनी पुढच्या घरी न्यायची आणि हातातून हातात द्यायची. वाटेत खाली टेकवायची नाही, तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही. देणाऱ्याने म्हणायचं, ‘‘माउली आली.’’ घेणाऱ्याने म्हणायचं, ‘‘या, माउली.’’

माझे थोरले दीर आणि आमचे हे सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. घरं भिंतीला भिंत लागून. कारण, सामाईक बोअरची मोटार. एके दिवशी ती जागेवर नव्हती. यांनी ती विकली, असं दिरांनी ठरवलं आणि बोलणं बंद केलं. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असं यांनी ठरवलं. डिसेंबरात माझ्या मुलीचं लग्न. थोरले काका मला पहिल्या रांगेत हवे होते, आणि त्यांना बोलवायला हे जाणार नव्हते.

मूर्तीच्या मुक्कामाच्या घरांची यादी करणाऱ्या बाई दरवर्षी आमच्या दोन घरांमध्ये न चुकता चार घरं घालत. यंदा यादी माझ्याकडे आली. मी ती चार घरं हलवली. फादरांना सांगितलं, म्हाताऱ्या माणसांचं चालणं वाचतं.

त्या संध्याकाळी दीर सागवानी मूर्ती छातीशी धरून बरोबर अकरा पावलं चालले. मागे तीसेक माणसं, हातात मेणबत्त्या, तोंडी गीत. आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यावर. त्यांनी मूर्तीला हात लावला. दीर सोडेनात.

‘‘मोटार कुनी काढली?’’ दीर कुजबुजले.

‘‘आधी माउलीला आत येऊ द्या, दादा.’’

‘‘आधी सांग.’’

‘‘जळाली हुती. देवळालीला कॉइल बांधायला टाकली, ती दुरुस्तच झाली न्हाई.’’

‘‘मंग सांगायचं न्हाई?’’

‘‘तुमी बोलत हुता का?’’

‘‘बोलत नव्हतो. ऐकू येत हुतं की!’’

सहा वर्षांचं भांडण दोघांनी कुजबुजत काढलं. ओरडता येईना, मूर्ती टेकवता येईना, निघून जाता येईना. मागे गीत संपलं. लोकांनी ते पहिल्या कडव्यापासून पुन्हा धरलं.

‘‘आटपा आता,’’ जाऊबाई म्हणाल्या. ‘‘मेनबत्ती बोटाला आली.’’

दिरांनी मूर्ती पुढे केली. ‘‘माउली आली,’’ ते नोटीस बजावल्यासारखे म्हणाले.

‘‘या, माउली.’’ यांनी मूर्ती छातीशी घेतली. ‘‘तुमी बी या.’’

दीर आले. दाराजवळ गुडघे टेकून अख्खी जपमाळ म्हणाले आणि एक शब्दही जास्त न बोलता गेले.

सकाळी सहाला दोघं बोअरपाशी उभे राहून त्याच मोटारीवरून भांडत होते, पूर्ण आवाजात. मी चहा ठेवला आणि लग्नपत्रिकेच्या कच्च्या मजकुरात थोरल्या काकांचं नाव सगळ्यात वर घातलं.