जाहिरातीत चालणारं मशीन

आमच्या घरातलं शिलाई मशीन फक्त जाहिराती लागल्या की चालायचं. कुणाला खोटं वाटेल, पण बत्तीस वर्षांचा मी साक्षीदार आहे. मशीन माझ्या बायकोचं. गल्लीत तिला सगळे टेलरकाकू म्हणतात. पुढच्या खोलीत खिडकीला लागून ते मशीन, समोरच्या भिंतीवर टीव्ही आणि दोघांच्या मधे खुर्चीत मी, निवृत्त बस कंडक्टर. नोकरी सुटली, पण आवाज सुटला नाही. "हळू बोला, ही बस नाहीये," हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी ऐकतो.

तिची पद्धत ठरलेली. मालिका चालू असली की हातशिलाई. काज, बटणं, हूक, हेमिंग. डोळे पडद्यावर आणि सुई आपली वाट आपण शोधते. जाहिरात लागली रे लागली की पाय पायडलवर. मशीनच्या खडखडाटात कोण काय बोललं ते कळत नाही, म्हणून मशीन जाहिरातींपुरतंच. एका ब्रेकमध्ये दोन बाह्या. कपड्यांच्या गठ्ठ्यावर ती खडूने तारीख लिहायची आणि त्या तारखेला कपडे तयार. एकदाही चुकली नाही. माझ्या बसबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

केबलचे पैसे मात्र दरवर्षी वाढत चालले होते. बघायचे चार चॅनेल आणि पैसे दोनशेंचे. माझी कुरकुर ऐकून ऐकून लेक कंटाळली. सुट्टीला आली तेव्हा तिने टीव्हीच्या मागे इंटरनेटवरून मालिका दाखवणारं बोटाएवढं यंत्र खोचलं आणि केबल बंद करून टाकली. निम्म्या पैशांत काम झालं. वर स्वतःचे थोडे घालून तिने बिनजाहिरातीचा प्लॅन घेतला. "आयुष्यभर जाहिराती बघितल्यास आई, आता पुरे," म्हणाली. मायलेकींचे डोळे भरून आले. माझेही आले, पण ते बिल बघून.

पुढचे दहा दिवस घरात नुसता आनंदीआनंद. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू. आठव्या दिवशी मी शर्ट घातला तर त्याला सगळी बटणं होती. दुसरा काढला, त्यालाही. उशीच्या अभ्र्यांनासुद्धा नवी बटणं लागली होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण फुकटच्या सुखाची चौकशी कोण करतो?

बुधवारी सकाळी शाळेच्या बॅन्डचे सर दारात आले. "काकू, शनिवारी कार्यक्रम आहे. शर्ट शुक्रवारी न्यायला येऊ ना?"

"या की," ही म्हणाली आणि टेबलाखाली वाकली. चोवीस शर्टांचे कापलेले तुकडे जसेच्या तसे पडले होते. वर खडूने लिहिलेलं, शुक्रवार. सर गेले तरी ती तिथेच जमिनीवर बसून राहिली.

"अहो, दहा दिवसांत मी मशीनवर बसलेच नाही."

"असं कसं होईल?"

"जाहिरातच लागली नाही."

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बत्तीस वर्षांत कमावलेला शब्द अडीच दिवसांत जाणार होता, आणि केबल काढायची भुणभुण माझी होती.

टीव्ही बंद करून पाहिला. शांततेत तिचा हातच चालेना. पहिल्याच शर्टाची बाही उलटी बसली. मी म्हटलं, "मग लाव, आणि मधे मधे थांबव. रिमोटवर बटण आहे."

"मी थांबवलं की मीच मला कामाला जुंपल्यासारखं वाटतं. जाहिरात लागली की कसं, त्यांनी सुट्टी दिलेली असते."

तरी तिने प्रयत्न केला. एवढं झालं की थांबवते, एवढं झालं की थांबवते, करता करता अर्धा तास गेला.

शेवटी मी रिमोट काढून घेतला. सासू-सुनेच्या ऐन भांडणात चित्र थांबवलं, टीव्हीसमोर उभा राहिलो आणि भरल्या बसमध्ये लावायचो तसा आवाज लावला. "भेटूया एका छोट्याशा ब्रेकनंतर! नवरा विकणे आहे. बत्तीस वर्षं वापरलेला, चालू स्थितीत. चहा बरा करतो. आवाजाची तक्रार ऐकली जाणार नाही. एकदा घेतलेला माल परत नाही!"

"काहीतरीच तुमचं. सरका," ती म्हणाली. पण पाय पायडलवर गेला होता.

मग मी थांबलोच नाही. दर दहा मिनिटांनी चित्र थांबवायचं आणि घरातली एकेक वस्तू विकायला काढायची. गळका नळ विकला, करकरणारं कपाट विकलं, शेजाऱ्यांकडून आणलेली आणि परत न केलेली शिडी विकली. मशीनचा खडखडाट माझ्या आवाजापुढे फिका पडत होता. ती हसत होती आणि शिवत होती. शुक्रवारी चार वाजता चोविसाव्या शर्टाचं शेवटचं बटण लागलं, पाच वाजता सर गठ्ठा घेऊन गेले. आनंदाने मी तिला एक विनातिकीट चहा पाजला.

संध्याकाळी तिने लेकीला फोन केला. "मला जाहिरातींचा प्लॅन दे."

"अगं आई, जाहिराती जाव्यात म्हणून लोक जास्तीचे पैसे देतात."

"देऊ देत लोकांना. आपल्याला स्वस्तातला लाव."

सोमवारी जाहिराती आल्या. मशीन पूर्वीसारखं धावायला लागलं, बिल आणखी उतरलं आणि मी खुर्चीत हिरमुसून बसलो. खरं सांगतो, निवृत्त झाल्यापासून माझा आवाज पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आला होता. तेही काम आता साबणवाल्यांनी नेलं.

तिसऱ्या ब्रेकला पडद्यावर फेस उडत होता. तिने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला, बाही सुईखाली सरकवली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ही नको. ती नवऱ्याची लावा."

मी घसा खाकरला आणि टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो.