मुरमाच्या माळावरची मोजणी

वीस वर्षं विहिरींच्या खोदकामावर माती वाहिल्यामुळं पुनावळ्यात कुणाच्या रानात किती हातांवर मुरूम लागतो, हे आक्काबाईला तोंडपाठ होतं. पण तिचा कुणावर विश्वास नव्हता. त्याला कारण होतं. पिंपरीकडं तिच्या भावाच्या रानात दोन माणसं येऊन ‘नुसती पाहणी’ करून गेली होती. दीड वर्षात तिथं कारखान्याचं कुंपण पडलं आणि भाऊ तळेगावला दुसऱ्याच्या रानात राबायला गेला.

त्यामुळं १९५७ साली, माघात, जीपमधून एक खाकीतला माणूस उतरला तेव्हा ती बांधावरच थांबली. त्याच्याजवळ एक जड पेटी आणि तांब्याच्या तारेची चौकट होती. तो चौकट फिरवायचा, पेटीवरचा काटा बघायचा, वहीत आकडा लिहायचा आणि पुढच्या रानात जायचा. दोन दिवस ती गवत कापायच्या निमित्तानं त्याच्या मागं राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं हटकलं. तो अदबीनं म्हणाला की आपण बबनराव, पुण्याच्या रेडिओचा आवाज इथवर किती जोरात पोचतो ते मोजतोय.

“रेडिओ पुण्यात, आन् मोजता आमचं रान?” ती म्हणाली आणि उत्तर ऐकायला थांबली नाही.

दुपारी तो आंब्याखाली भाकरी खायला बसला, तेव्हा जीपमधली वही तिनं पदराखाली घेतली आणि शाळेत उद्धवराव मास्तरांपुढं ठेवली. वहीत कुणाचं नाव नव्हतं, सर्व्हे नंबरही नव्हता. ‘हिशेबानं’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे आकड्यांचे दोन रकाने होते आणि वर मास्तरांनाही न उलगडणारं एक लांबलचक गणित. त्याच्याखाली मात्र एक शब्द होता : जमीन. तो त्यांना वाचून दाखवावाच लागला. मग आक्काबाई काही ऐकेना.

वही तिनं उघडपणे परत नेऊन दिली आणि त्यात ‘जमीन’ कशाला लिहिलंय, असा जाब विचारला. बबनराव ती शोधून शोधून घाबरा झाला होता, पण चिडला नाही. त्यानं समजावलं, की रेडिओची लाट जमिनीला धरून येते आणि वाटेतली माती तिचा जोर खाते. ओली माती कमी खाते, कोरडी खडकाळ जास्त. कुठं किती जोर उरेल ते आधी कागदावर काढायचं, मग मोजून ताडून बघायचं. गणित बरोबर निघालं, तर गावोगाव पेटी घेऊन फिरायला नको.

“मग मी सांगते त्या पाच जागी दावा,” आक्काबाई म्हणाली. “आकडा आदी लिवा. चिठ्ठी मास्तरांच्या हातात द्या. मग मोजा.”

त्यानं कबूल केलं. ओढ्यापर्यंतच्या तीन जागी आकडे जवळपास जुळले. ओढ्यापलीकडच्या दोन्ही जागी काटा चिठ्ठीपेक्षा बराच खाली राहिला. बबनरावानं पेटीची बॅटरी तपासली, पुन्हा मोजलं. फरक तसाच. “का चुकलं, मला कळत नाही,” तो म्हणाला. खोटं बोलणाऱ्याजवळ कारण तयार असतं, असं आक्काबाईच्या मनात आलं.

“वाटंतली समदी माती एकच धरलीय का तुमी?” तिनं विचारलं.

त्यानं सगळी काळीच धरली होती. मग तिनं सांगितलं, की ओढ्यापलीकडं वीतभर मातीखाली नुसता कोरडा मुरूम आहे, चाळीस हातांपर्यंत पाणी नाही. तिथल्या तीन विहिरींचा मुरूम तिनं स्वतः वाहिलाय. बबनरावानं तिथंच बसून कागदावर वाटेचे काळी आणि मुरूम असे दोन तुकडे केले आणि तासभर आकडेमोड केली. या खेपेला आकडे बसले. तो मोकळेपणानं हसला. आक्काबाई हसली नाही.

जाण्याआधी तिनं त्याच्याकडून लिहून घेतलं, की या मोजणीचा जमीन घेण्याशी संबंध नाही. मास्तरांनी ते दोनदा वाचून दाखवलं. सही करताना बबनराव म्हणाला, “आक्का, माझ्या कचेरीपुरतं सांगतो. दुसऱ्या कचेरीची हमी मला देता येणार नाही.” त्याच्या साऱ्या बोलण्यातलं तेवढंच तिला पुरतं पटलं.

पुढच्या वर्षी चावडीत रेडिओ आला. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम ऐकायला गाव जमायचं. आक्काबाई बाहेरच्या पायरीवर, रस्त्याकडं तोंड करून बसायची. आत का येत नाहीस, असं मास्तरांनी एकदा विचारलं.

“आवाज बिनचूक यायला लागला,” ती म्हणाली. “आता मागनं कोण येतंय, ते बघतीय.”